सूट घातलेलं माकड: फेला कुटीचा 'जंटलमन' (१९७३) ऐकलाय का कुणी?

खर्ज

मे महिन्यात अकोल्याला मावसभावाचं लग्न होतं. रिसेप्शनला सगळ्या भावांनी सूट घालायचा असं ग्रुपवर परस्पर ठरलं. जाकीट, टाय, कोट आणि वर फेटा. लॉनवर चार जंबो कूलर, त्यांतून येणारी वाफ, आणि आम्ही नऊ जण फोटोसाठी ओळीत उभे. पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत उतरला तेव्हा मला स्टेजवरच हसू फुटलं. नेमकी हीच गोष्ट एका माणसाने १९७३ मध्ये नायजेरियात बसून गाऊन ठेवली आहे. तेव्हापासून या रेकॉर्डवर लिहायचं मनात होतं, आज मुहूर्त लागला.

रेकॉर्डचं नाव 'जंटलमन'. फेला रॅन्सम-कुटी आणि त्याचा बँड आफ्रिका ७०, कंपनी ईएमआय. पहिल्या बाजूला एकच गाणं, साडेचौदा मिनिटांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला दोन. कव्हरवर सूट घातलेलं माकड.

गाण्याचा गोषवारा असा: आफ्रिका गरम आहे आणि मला ती तशीच आवडते. इथे काय घालायचं ते मला कळतं, माझ्या दोस्ताला कळत नाही. दोस्त मोजे चढवतो, बूट चढवतो, गंजिफ्रॉक, पँट, शर्ट, टाय, कोट, आणि सगळ्यावर हॅट. झाला जंटलमन. मग तो घामाने निथळतो, चक्कर येऊन आडवा होतो, आणि त्यापुढे त्याच्या अंगावर काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही, संपादक मंडळ धागा उडवेल. मी काही जंटलमन नाही, मी अस्सल आफ्रिकन माणूस, असं फेला पुन्हा पुन्हा बजावतो.

आता हे कुठल्या वर्षी? नायजेरिया स्वतंत्र झाला १ ऑक्टोबर १९६० ला. २ एप्रिल १९७२ पासून तिथल्या गाड्या इंग्रजांची डावी बाजू सोडून उजवीकडून धावू लागल्या. १ जानेवारी १९७३ ला पौंड जाऊन नायरा आला. पौंड गेला, डावी बाजू गेली, टाय मात्र गळ्यातच राहिला. त्याच वर्षी हे गाणं आलं.

फेला इथपर्यंत पोहोचला तो बराच वळसा घालून. जन्म १९३८, अबेओकुटा गावी. आजोबा रेव्हरंड जे. जे. रॅन्सम-कुटी हे धर्मगुरू आणि योरुबा भाषेत भजनं रचणारे. १९२२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी झोनोफोन कंपनीसाठी रेकॉर्डी केल्या होत्या. वडील शाळेचे मुख्याध्यापक. आईबद्दल लिहायचं तर वेगळा धागा लागेल. १९५८ मध्ये पोराला लंडनला पाठवलं ते डॉक्टर व्हायला. पोराने नाव घातलं ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये, ट्रम्पेट शिकायला. तिथेच कूला लोबितोस नावाचा बँड काढला. १९६३ ला परत लागोसमध्ये येऊन हायलाईफ आणि जॅझ यांची मिसळ वाजवू लागला. हायलाईफ म्हणजे घानाहून आलेलं, हॉटेलांतल्या नाचांना साजेसं, ब्रास बँडचं गोड संगीत. फेलाची मिसळ संगीतकारांना आवडायची, नाचणाऱ्यांच्या मात्र पायात यायची.

तेवढ्यात सिएरा लिओनचा जेराल्डो पिनो अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनच्या ढंगाचं सोल संगीत घेऊन लागोसला आला आणि फेलाची गिऱ्हाइकं पळाली. १९६८ च्या सुमारास फेलाने आपल्या संगीताला 'आफ्रोबीट' हे नाव दिलं, म्हणजे बारसं आधी झालं आणि मूल नंतर जन्मलं. कारण खरी उलथापालथ झाली १९६९ मध्ये, अमेरिकेत. दौरा फसला, पैसे संपले, व्हिसाची भानगड झाली. लॉस एंजेलिसमध्ये त्याची ओळख सँड्रा स्मिथ या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतल्या तरुणीशी झाली. तिने त्याच्या हातात माल्कम एक्स या काळ्यांच्या नेत्याचं आत्मचरित्र ठेवलं. तू गातोस ते कशाबद्दल आहे, असं तिने विचारलं तेव्हा हा म्हणाला, सूपबद्दल. आपल्या योरुबा गाण्यांचा अर्थ परक्या माणसाला सांगताना तो पहिल्यांदा ओशाळला असावा असं मला वाटतं.

परत आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. तो पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजीवर बेतलेल्या बोलीत गाऊ लागला, जी लागोसच्या बाजारात योरुबा, इग्बो, हौसा सगळ्यांना कळते, आणि घानापासून कॅमेरूनपर्यंत चालते. आणि गाणी लांबली. कारण आता ती रेडिओसाठी नव्हती, त्याच्या स्वतःच्या क्लबातल्या गर्दीसाठी होती.

मग 'जंटलमन'च का? एक म्हणजे त्याची सुरुवात. बँडचा टेनर सॅक्सोफोनवाला इगो चिको त्याच वर्षी बँड सोडून गेला. फेला ट्रम्पेटचा माणूस, नंतर की-बोर्डवर बसणारा. त्याने जाहीर केलं की टेनर मीच वाजवणार, आणि थोड्या दिवसांत शिकला. गाणं उघडतं ते या नवशिक्याच्या एकट्या सॅक्सोफोनने. तयारीचा वादक नाही हे ऐकू येतं. सूर शोधत जातो, एखाद्या वाक्याशी अडतो, तेच परत म्हणून बघतो. पण भीड अजिबात नाही. सूटबूटवाल्यांची टर उडवणारं गाणं सुरू करायला यापेक्षा योग्य सॅक्सोफोन मिळाला नसता.

दुसरं, जे मला अकोल्याच्या स्टेजवर उमगलं. आफ्रोबीट हे थरांचं संगीत आहे. एका गिटारला चार-पाच सुरांचा तुकडा, दुसरीला वेगळा, बासला तिसरा, काठ्यांना एक ठेका, मण्यांची जाळी बांधलेल्या भोपळ्याला (शेकेरे) एक, काँगाला एक. कुणालाही मोठं काम नाही, पण कुणी हललं तर इमला पडेल. गाण्यातला दोस्तसुद्धा थरच चढवतोय. मोज्यांवर बूट, शर्टावर कोट. त्याच्या थरांत वारा नाही म्हणून तो पडतो. बँडच्या थरांत प्रत्येकाने दुसऱ्यासाठी फट ठेवली आहे, म्हणून बँड साडेचौदा मिनिटं पळून दमत नाही. फेलाने हे मुद्दाम केलं असा माझा दावा नाही. पण एकदा असं ऐकलं की दुसऱ्या तऱ्हेने ऐकता येत नाही.

ऐकलं असेल त्यांनी लिहा. नसेल ऐकलं तर आज रात्री ऐका, हेडफोन लावून.

---

पडवळ

ऐकलं. तीन मिनिटं झाली, कुणी गाईना. पाचव्या मिनिटाला पण गाईना. बायको म्हणाली, अहो, ट्यूनिंग चाललंय का यांचं?

---

खर्ज

@पडवळ, वहिनींना सांगा, ख्यालात आलाप चालू असताना त्या असं विचारत नाहीत. :)

गायक उशिरा येतो हीच गंमत आहे. क्लबात लोक आधी नाचायला लागतात. अंग एकदा लयीत आलं की फेला बोलायला सुरुवात करतो, आणि तोपर्यंत तुम्ही त्याच्या बाजूचे झालेले असता.

---

काचकागद

लेख चांगला, पण 'आफ्रोबीटचा पहिला महत्त्वाचा अल्बम' म्हणून 'जंटलमन'ला बसवू नका. तुम्ही तसं थेट म्हटलेलं नाही, सूर तसा लागतोय. क्रम लावायचा तर १९६९ चं लॉस एंजेलिसमधलं ध्वनिमुद्रण आधी घ्या. तिथे 'माय लेडीज फ्रस्ट्रेशन'मध्ये नवा घाट पहिल्यांदा दिसतो, आणि ते सँड्राला उद्देशूनच आहे. मग १९७१ चं 'जेउन को कू', खादाड माणसावरचं, ज्याने पश्चिम आफ्रिकेत धुमाकूळ घातला. त्याच वर्षी बँड लंडनला गेला आणि ॲबी रोड स्टुडिओत 'लंडन सीन' केला. क्रीम या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर जिंजर बेकर तेव्हा फेलाच्या नादी लागलेला होता. त्याच्यासोबतचा 'लाइव्ह!' हा अल्बमही ॲबी रोडलाच, स्टुडिओत दीडशे लोक बसवून मुद्रित केलेला. माझं मत विचाराल तर आफ्रोबीट तिथे पायावर उभं राहिलं. 'ब्लॅक मॅन्स क्राय' ऐका. 'जंटलमन' त्यानंतर दोन वर्षांनी.

अवांतर: १९७३ मध्येच पॉल मॅकार्टनी 'बँड ऑन द रन' मुद्रित करायला लागोसमधल्या आपापा भागातल्या ईएमआय स्टुडिओत उतरला होता. हा आमचं संगीत चोरायला आलाय, असा फेलाने जाहीर आरोप केला. शेवटी मॅकार्टनीने त्याला बोलावून टेपा ऐकवल्या, बघ बाबा, यात तुझं काही नाही. त्याआधी तो फेलाच्या क्लबात बसून ऐकताना रडला होता, हेही त्यानेच सांगितलंय.

---

खर्ज

@काचकागद, क्रम मान्य. 'लाइव्ह!' मलाही आवडतो, पण त्यात मला दोन पाहुण्यांची लगबग ऐकू येते: बेकर आफ्रोबीटमध्ये पाहुणा आणि बँड लंडनमध्ये पाहुणा. 'जंटलमन'मध्ये सगळे आपल्या घरी आहेत. पहिला कोण यापेक्षा सगळं एकत्र कुठे जुळून आलं हे मी बघत होतो. विनोद, पिजिन, लांबी, सॅक्सोफोन, कव्हर.

---

तिय्या

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि ड्रम वाजवतो (पोटापाण्यासाठी, लग्नाचा सीझन). एवढ्या मोठ्या लेखात फेलाचा ड्रमर टोनी ॲलन याचं नाव नाही? हे म्हणजे शोलेवर लिहायचं आणि गब्बर विसरायचा.

फेला बँडमधल्या प्रत्येकाचं वाजवणं स्वतः ठरवून द्यायचा. बास काय वाजवेल, गिटार काय वाजवेल, सगळं. फक्त टोनीला सांगायचा नाही. टोनीशिवाय आफ्रोबीट झालंच नसतं, हे फेलाचंच म्हणणं. हा माणूस लागोसमध्ये रेडिओ दुरुस्त करायचा, ड्रम स्वतःच शिकला. हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी) कसं वापरायचं ते जॅझ ड्रमर मॅक्स रोचच्या एका लेखावरून उचललं, 'डाउन बीट' मासिकातल्या.

ऐकताना हे करून बघा. आपल्याकडच्या फिल्मी गाण्यात ड्रमर काय करतो? किक (पायाचा मोठा ड्रम) एकवर, स्नेअर (हाताचा कडक ड्रम) दोनवर, किक तीनवर, स्नेअर चारवर. भिंत बांधल्यासारखं. टोनीचा उजवा पाय एकवर येतोच असं नाही. आधी येईल, नंतर येईल, कधी दोनदा येईल. स्नेअरवर मोठ्या ठोक्यांच्या मध्ये बारीक बारीक कुजबुज चालू. हाय-हॅट मध्येच उघडून 'त्स्स' करतं आणि मिटतं. चार हातपाय चार वेगवेगळी माणसं असल्यासारखे, आणि तरी आवाज मोठा नाही. मी सहा महिने प्रयत्न केला. ठेका जमला, पण तो हलकेपणा काही आला नाही. माझं वाजवणं ऐकून आमचा की-बोर्डवाला म्हणाला, जिन्यावरून भांडी पडतायत.

जेम्स ब्राऊन १९७० मध्ये लागोसला आला होता तेव्हा त्याची मंडळी फेलाच्या क्लबात येऊन बसायची, आणि त्यांचा अरेंजर टोनीच्या हातापायांच्या हालचाली टिपून घ्यायचा, असं टोनीने सांगितलंय. म्हणजे फेलाने ब्राऊनकडून घेतलं, आणि ब्राऊनच्या माणसांनी फेलाकडून. मॅकार्टनीवर चोरीचा आळ घेणाऱ्याने इकडे डोळेझाक केली म्हणायची.

१९७९ मध्ये टोनीने बँड सोडला, तेव्हा त्याच्या जागी चार ड्रमर लागले अशी दंतकथा आहे. मला ती खोटी वाटत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये टोनी पॅरिसला वारला. त्या दिवशी मी घरात 'जंटलमन'च लावलं होतं, लॉकडाऊनमुळे वाजवायला दुसरं काही नव्हतंच.

---

खर्ज

@तिय्या, चूक कबूल. फटींबद्दल एवढं लिहिलं आणि त्या फटी ठेवणाराच राहिला.

---

बुगडी

या गाण्यात फेला एक ओळ टाकतो आणि मागून बायकांचा कोरस तिला उत्तर देतो, ते ऐकून मला एकदम शाहीर आणि झीलकरी आठवले. तोच थाट. शाहीर गोष्ट सांगतोय, मधूनच लोकांशी बोलतोय, टर उडवतोय, आणि झीलकरी धरून ठेवतायत.

---

काचकागद

झालं सुरू. जगात काहीही ऐकलं की आपल्याकडे ते होतंच. योरुबांची हाक-प्रतिसादाची परंपरा त्यांच्या देवळात, शेतात, बाजारात शेकडो वर्षं चालत आलेली आहे. वर फेलाच्या घरात चर्चमधलं कोरस गाणं. पोवाड्याचा काय संबंध?

---

बुगडी

संबंध आहे असं कुठे म्हटलं? आठवण आली म्हटलं. आठवण येण्यावर तरी जकात लावू नका.

---

आपापावाले काका

मी नायजेरियात साडेपाच वर्षं होतो, २००९ ते २०१४, एका प्लास्टिक कारखान्यात मेंटेनन्सला. आयडी बघून कळेलच की पहिलं वर्ष आपापात गेलं, नंतर इकेजात. तिथे आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, गणपती बसतो, पुरणपोळ्या होतात. त्यामुळे खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी लागोसमध्ये राहूनही लागोस पाहिलं नव्हतं. कारखाना, कंपाउंड, मंडळींचे वाढदिवस.

जंटलमन मला भेटला तो गाण्याच्या आधी. लागोस बेटावर मरीनाला बँकेच्या कामाला जायचो तेव्हा. दुपारी बारा वाजता समुद्राचा दमट उकाडा. त्यात पिवळ्या डान्फो बसमधून काळा कोट, टाय, चकाचक बूट घातलेले तरुण उतरायचे. बसमध्ये चार जणांच्या जागेत पाच बसलेले, आणि तरी शर्टाची इस्त्री कायम. मला नेहमी कौतुक वाटायचं, आणि दयाही यायची. शुक्रवारी मात्र दृश्य बदलायचं. शुक्रवारी बऱ्याच ऑफिसांत आपला पारंपरिक पोशाख चालतो. मग तीच माणसं सैल अंगरख्यांत, डोक्यावर टोपी, चाल वेगळी, हसणं वेगळं. चार दिवस वाकलेली माणसं पाचव्या दिवशी सरळ झाल्यासारखी.

गाणं मला ऐकवलं ते आमच्या ड्रायव्हरने. तिसऱ्या मेनलँड पुलावर अडीच तास ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. एसी बंद पडलेला, आणि मी कस्टमरकडे जायचं म्हणून टाय लावलेला. त्याने माझ्याकडे आरशात पाहिलं, गालात हसला, रेडिओ बंद करून फोनवर हे गाणं लावलं आणि म्हणाला, ओगा, हे तुझ्यासाठी. ओगा म्हणजे साहेब. मला एक अक्षर कळलं नाही. मग त्याने प्रत्येक ओळ समजावून सांगितली. मोज्यांपर्यंत आल्यावर मी टाय काढला.

गंमत म्हणजे तो स्वतः फेलाचा भक्त वगैरे नव्हता. रविवारी चर्च, गाडीत फूजी संगीत. फेलाबद्दल विचारलं तर म्हणायचा, माणूस खरं बोलायचा, पण माझ्या पोरीला मी त्याच्या दारात उभी करणार नाही.

पिजिनबद्दल एक सांगतो, खर्ज यांनी त्यावर घाईत लिहिलंय. ती मोडकी इंग्रजी नव्हे. तिचं व्याकरण पक्कं आहे. क्रियापदाआधी 'गो' लावला की भविष्यकाळ, 'डे' लावला की क्रिया चालू आहे, 'डॉन' लावला की झाली. आता गाणं परत ऐका. दोस्त कपडे चढवतो तिथपर्यंत साधी क्रियापदं, आणि मग पुढे सगळीकडे 'गो'. तो घामाघूम होणार, तो पडणार, त्याला वास मारणार, आणि त्याचं त्याला कळणारही नाही. फेला घडलेलं सांगत नाहीये, भाकीत करतोय. पुलावर टाय लावून बसलेल्या माणसाला ते फार लागतं.

इकेजातल्या न्यू आफ्रिका श्राइनला पुढे बऱ्याचदा गेलो. हा मूळचा क्लब नव्हे. तो एम्पायर हॉटेलात होता, कधीच गेला. हा २००० मध्ये फेलाच्या मुलांनी बांधलेला, गोदामासारखा. थोरला मुलगा फेमी तिथे रविवारी वाजवायचा. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे, पेपर सूप. तिखट इतकं की कोल्हापूरच्या माणसाने पण नाक पुसावं. कोट घातलेला एकही माणूस मला तिथे दिसला नाही.

---

पडवळ

काका, यावर स्वतंत्र लेख लिहा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

अनुस्वार

सगळे 'जंटलमन'वर खूश आहेत, मीही आहे. पण आदल्या वर्षीचा 'शाकारा' (१९७२) कुणी काढेना. त्यावर 'लेडी' आहे, आणि माझ्या मते फेलाचं कुठलंही गाणं 'लेडी'शेजारी ठेवल्याशिवाय ऐकू नये.

'लेडी'चा आशय: आफ्रिकन बाईला बाई म्हटलं की राग येतो, तिला लेडी म्हणवून घ्यायचंय. तिला पुरुषाबरोबरीने बसायचंय, पानावरचा मटणाचा तुकडा आधी उचलायचाय. खरी आफ्रिकन बाई तशी नसते. ती नवऱ्याचं ऐकते, रांधते, नाचते. ठेका असा आहे की पाय थांबत नाहीत, आणि शब्द असे की पाय थांबावेत. युक्ती मात्र तीच, 'जंटलमन'वाली: इंग्रजी शब्द घ्यायचा, तो मिरवणाऱ्याची टर उडवायची. पुरुषाच्या बाबतीत ती टर साहेबी गुलामीची झाली. बाईच्या बाबतीत ती बरोबरीने बसण्याची झाली. कव्हर बघितलंत का 'शाकारा'चं? उघड्या अंगाच्या बायका ओळींत बसवून आफ्रिकेचा नकाशा केलाय.

आणि आता त्याची आई. खर्ज म्हणतात वेगळा धागा लागेल. लागेल, पण तिला वगळून हा धागासुद्धा अर्धाच राहतो. फुनमिलायो रॅन्सम-कुटी, जन्म १९००. शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथे असतानाच फ्रान्सिस हे ख्रिस्ती नाव टाकून फुनमिलायो झाली. गावी परत येऊन शिक्षिका. पुढे बाजारात भाजीपाला विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांबरोबर अबेओकुटा विमेन्स युनियन उभी केली. वसाहतीच्या सरकारने बायकांवर लावलेल्या कराविरुद्ध हजारो बायका राजवाड्यासमोर बसल्या. १९४९ च्या सुरुवातीला तिथला राजा, आलाके, गादी सोडून गेला.

आता माझा मुद्दा. या लढ्यात तिने इंग्रजी झगे टाकले आणि बाजारातल्या बायकांसारखं योरुबा लुगडं नेसायला लागली, कायमची. गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे योरुबात बोलायची, दुभाषा त्यांनी आणावा. फेला तेव्हा आठ-दहा वर्षांचा होता. म्हणजे 'जंटलमन'मधला सगळा विचार, कपडे, भाषा, साहेबी नाव टाकणं, हा त्याने कॅलिफोर्नियात पुस्तक वाचून मिळवलेला नाही. तो घरात रोज लुगडं नेसून वावरत होता. आणि ती हे सगळं ज्यांच्यासाठी करत होती, त्या बाजारातल्या बायका पानावर आधी बसायला मागत होत्या म्हणूनच करत होती.

'जंटलमन' आईचं गाणं आहे आणि 'लेडी' आईविरुद्धचं. दोन्ही एकाच माणसाची, वर्षभराच्या अंतराने. माल्कम एक्स, सँड्रा, जेम्स ब्राऊन सगळ्यांना लेखात जागा मिळाली. आईला "वेगळा धागा लागेल".

---

काचकागद

+१. आणि 'जंटलमन'च्या कव्हरवर त्याचं आडनाव अजून रॅन्सम-कुटीच आहे. रॅन्सम टाकून तो अनिकुलापो झाला १९७५ च्या सुमारास. अनिकुलापो म्हणजे मरण खिशात घेऊन फिरणारा. आईने साहेबी नाव टाकलं ते पोरगी असताना, पोराला पस्तिशी ओलांडावी लागली.

---

खर्ज

@अनुस्वार, मी हे दोन दिवस मनात घोळवतोय, म्हणून उत्तराला उशीर.

"वेगळा धागा लागेल" हे मी आदराने लिहिलं होतं. आता वाचताना ते टाळाटाळ केल्यासारखं दिसतंय. अमेरिकेत फेला बदलला ही गोष्ट सांगायला सोपी आहे. तीत विमान आहे, प्रेम आहे, पुस्तक आहे. घरातल्या लुगड्याची गोष्ट मला माहीत होती, आणि तरी ती मला या गाण्याची गोष्ट वाटली नाही.

एक मात्र विचारायचं आहे. १९७७ च्या फेब्रुवारीत हजारभर सैनिकांनी फेलाचं घर जाळलं, आईला खिडकीतून खाली फेकलं, आणि पुढच्या वर्षी ती गेली. त्यानंतर त्याने केलेली गाणी तिच्यासाठी आहेत. 'लेडी'बद्दल तो बदलला असं त्यात कुठे दिसतं का?

---

अनुस्वार

नाही. हल्ल्याला वर्ष झालं त्या दिवसांत त्याने बँडमधल्या सत्तावीस बायकांशी एकाच वेळी लग्न केलं. हल्ल्यात त्यांचेही भयानक हाल झाले होते, आणि नाचणाऱ्या-गाणाऱ्या म्हणून लोक त्यांना नावं ठेवत होते, त्यांना प्रतिष्ठा द्यायची होती असा त्याचा बचाव होता. त्यात थोडं तथ्य असेलही. पण बुगडीच्या त्या झीलकरणींचं नाव किती जणांना माहीत आहे? कव्हरवर बघा, आतल्या कागदावर बघा. इगो चिको गेला तर त्याची गोष्ट होते.

गाणं मी तरीही लावते. रविवारी स्वयंपाक करताना 'लेडी'सुद्धा लावते. आणि पहिला मटणाचा तुकडा मीच खाते.

---

तिय्या

'लेडी'वर टोनीचं हाय-हॅट ऐका मात्र. शब्दांसाठी माफी नाही, हाय-हॅटसाठी वेगळी फाईल.

---

आपापावाले काका

अनुस्वारताई, तुमचं वाचून ड्रायव्हरचं ते पोरीबद्दलचं वाक्य परत आठवलं. मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

---

पडवळ

काल रात्री परत लावलं, पूर्ण ऐकलं. सातव्या मिनिटाला बायको स्वयंपाकघरातून मान डोलावत आली, तेव्हा मी काही बोललो नाही. आता दुसरी बाजू ऐकावी का? घरी सासूबाई आहेत.

---

खर्ज

'फेफे ना एफे' बिनधास्त लावा, अशांती म्हणीवरचं आहे, गोड आहे. दुसरं 'इग्बे'. दोस्तीत दगा देणाऱ्यावर आहे, वाजवलंय झकास, फक्त सासूबाईंनी नावाचा अर्थ विचारला तर तुम्हाला योरुबा येत नाही असं सांगा.